दिरियाच्या अमिरातीचा आरंभ कोणता? : मुंबईंत छापलेल्या तीन साधनांचें परीक्षण

अरबस्थानच्या मध्यभागीं नज्द नांवाचा प्रांत आहे व त्यांत वादी हनीफा या ओढ्याच्या कांठीं दिरिया नांवाचें जुनें गांव आहे. अठराव्या शतकांत या गांवच्या सऊद घराण्यानें महंमद बिन अब्दुल वहाब या धर्मसुधारकाशीं करार करून एक अमिरात उभारिली. साठ-सत्तर वर्षांत तिची सत्ता पूर्वेस इराणच्या आखातापर्यंत व पश्चिमेस मक्का-मदिनेपर्यंत गेली. आणि १८१८ च्या सप्टेंबरांत इजिप्तच्या फौजेनें दिरिया घेऊन ती बुडविली. या अमिरातीचें आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांस काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर सरळ आहे. या इतिहासाचीं तीन मोलाचीं साधनें मुंबईंत छापलीं गेलीं : दोन इंग्रजींत, एक अरबींत. यांपैकीं एखादें पुस्तक आमच्याकडील संग्राहकाच्या हातीं आलें, तर परदेशचा विषय म्हणून तें बाजूस सारलें जाण्याचा संभव फार. तसें होऊं नये, आणि पुस्तक हातीं आल्यावर तें कोणत्या सावधगिरीनें वाचावें हेंही कळावें, एवढ्यासाठीं हा प्रपंच.

दुसरेंही एक निमित्त आहे. सन २०२२ च्या जानेवारींत सौदी अरबस्थानच्या राजानें फर्मान काढून २२ फेब्रुवारी हा दिवस राज्यस्थापनेचा दिवस ठरविला व स्थापनेचें वर्ष १७२७ हें मानलें. त्या वर्षीं महंमद बिन सऊद दिरियाच्या गादीवर आला. आजवरच्या बहुतेक ग्रंथांत स्थापनेचें वर्ष १७४४ दिलेलें आढळतें. कारण त्या सुमारास अमीर व शेख यांचा करार झाला. मुंबई सरकारच्या दप्तरांतून निघालेल्या वृत्तांताचा आरंभ मात्र १७९५ पासून आहे. एकाच राज्याचे हे तीन आरंभ. यांपैकीं कोणता खरा, हा प्रश्न वरवर पाहतां पंचांगाचा वाटतो. परंतु साधनें उघडून बसलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, आरंभाचें वर्ष ठरविणारा मनुष्य त्या राज्याचा अर्थच ठरवीत असतो. या दृष्टीनें आम्ही तिन्ही साधनांकडे पाहिलें आहे.

पहिलें साधन १८५६ सालचें. मुंबई सरकारच्या दप्तरांतील निवडक कागदांची जी माला निघत असे, तिच्या नव्या श्रेणींतील चोविसावा भाग संपूर्णपणें इराणच्या आखाताला वाहिलेला आहे. सरकारचे दुय्यम चिटणीस आर. ह्यूज टॉमस यांनीं तो सिद्ध केला. त्यांत फ्रान्सिस वॉर्डन यांनीं लिहिलेला 'वहाबी जमाती'चा १७९५ ते १८१८ पर्यंतचा संक्षिप्त इतिहास आहे व त्यास पुढील अंमलदारांनीं जोडलेल्या पुरवण्या आहेत. वॉर्डन हे मुंबईच्या कौन्सिलाचे सभासद होते. मुंबईच्या जमीनधाऱ्यासंबंधीं त्यांनीं १८१४ त केलेला अहवाल आमच्या कांहीं वाचकांच्या परिचयाचा असेल. जुने कागद बारकाईनें चाळून त्यांतून सुसंगत हकीकत उभी करण्याची त्यांची हातोटी या लेखांतही दिसते. पत्रें, तारखा, जहाजांचीं नांवें, तहांचीं कलमें यांविषयीं त्यांच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

तथापि या लेखाचे दोन दोष मूलगामी आहेत. एक, आरंभाचें वर्ष. १७९५ च्या सुमारास दिरियाच्या फौजांनीं अल-हसा हा समुद्रकांठचा प्रांत जिंकला व तेव्हांपासून त्या सत्तेचा इंग्रजांच्या व्यापाराशीं संबंध येऊं लागला. त्यापूर्वीं पन्नास वर्षें ती नज्दमध्यें वाढत होती. शेजारच्या रियाधशीं तिचें युद्ध तीस वर्षांच्या आसपास चाललें व १७७३ त रियाध पडलें, तेव्हां कोठें नज्दचें धनीपण तिच्या हातीं आलें. हा सारा काल वॉर्डनच्या मुख्य कथेच्या बाहेर राहतो. जें आमच्या जहाजांस लागलें तेंच घडलें, अशी ही दप्तराची दृष्टि आहे. मराठ्यांचा इतिहास सुरतेच्या वखारीच्या पत्रांवरून लिहावयास घेतला तर शिवरायांच्या राज्याचा आरंभ १६६४ च्या लुटीपासून करावा लागेल, तसाच हा प्रकार झाला.

दुसरा दोष शब्दाचा. वॉर्डननें या लोकांस 'जमात' म्हटलें आहे. ती जमात नव्हती. शेख स्वतः बनी तमीम कुळांतला, उयैना गांवीं १७०३ त जन्मलेला व पंडितांच्या घराण्यांतला. सऊद घराणें दिरियाचें, गांवांत राहून बागाईत व व्यापार पाहणारें. आणि त्यांच्या झेंड्याखालीं आलेल्या बदाऊंच्या टोळ्या तर नाना कुळांच्या. ज्यांना एकत्र आणण्यास कुळाचें नातें पुरेसें नव्हतें, त्यांना एका मतानें व एका करानें बांधलें, हीच या सत्तेची विशेष गोष्ट. तिला जमात म्हटलें म्हणजे जें समजावून घ्यावयाचें तेंच नाहींसें होतें. शिवाय 'वहाबी' हें नांव विरोधकांनीं दिलेलें. ते स्वतःला 'मुवह्हिदून', म्हणजे ईश्वराचें एकत्व मानणारे, असें म्हणवीत.

येथें संस्कृतज्ञ वाचकांस चार्वाकांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. लोकायत मताचा मूळ ग्रंथ हातीं नाहीं; जें मत आपण जाणतों तें प्रतिपक्ष्यांनीं खंडनासाठीं मांडलेल्या पूर्वपक्षावरून. पूर्वपक्ष खोटाच असतो असें नाहीं, परंतु तो सिद्धान्त्याच्या सोयीनें मांडलेला असतो. वॉर्डनचा लेख हा असा पूर्वपक्ष आहे. फरक इतकाच कीं, दिरियाच्या बाबतींत प्रतिपक्षाचा मूळ ग्रंथही उपलब्ध आहे, आणि तो मुंबईंतच छापलेला आहे. त्याकडे वळण्यापूर्वीं दुसरें इंग्रजी साधन पाहूं.

१८६६ त भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत कॅप्टन जॉर्ज फॉर्स्टर सॅडलियर याची अरबस्थानच्या प्रवासाची रोजनिशी छापली गेली. ती सरकारी कागदांतून पी. रायन यांनीं संकलित केली. सॅडलियर हा ४७ व्या पलटणीचा अधिकारी. दिरिया पडल्याची वार्ता आल्यावर, विजयी इब्राहीम पाशाचें अभिनंदन करावें व आखातांतील कासिमी अरबांविरुद्ध त्याचें साहाय्य मिळतें कां पाहावें, या हेतूनें त्याला १८१९ च्या एप्रिलांत मुंबईहून रवाना करण्यांत आलें. जूनमध्यें तो कतीफ बंदरीं उतरला. पाशाला गांठावें म्हणून निघाला, तों पाशा पुढें निघून गेलेला. त्याच्या मागें मागें जातां जातां सप्टेंबरांत तो तांबड्या समुद्रावरील यंबो येथें पोंचला, आणि अरबस्थान आडवें ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचें नांव झालें. मदिनेजवळ पाशाची भेट झाली; परंतु साहाय्य मिळालें नाहीं व शेवटीं नजराण्यांच्या देवघेवीवरून दोघांचें बिनसलें. राजकारण म्हणून ही वकिलात निष्फळ ठरली.

रोजनिशी मात्र निष्फळ नाहीं. सॅडलियरला अरबांविषयीं प्रेम नव्हतें. उंटवाल्यांची हुज्जत, पाण्याची टंचाई आणि मुक्कामांची लांबण यांनीं तो त्रासलेला आहे व त्याचा त्रागा पानोपानीं उमटतो. धर्ममतासंबंधीं त्याच्याकडून कांहीं शिकण्याची अपेक्षा करूं नये. परंतु तो शिपाई आहे : अंतरें, विहिरी, तट, वस्ती यांची नोंद तो न चुकतां करतो. १८१९ च्या ऑगस्टांत तो दिरियाच्या अवशेषांतून हिंडला. तट जमीनदोस्त केलेले, खजुरीच्या बागा तोडलेल्या, अंजीर, द्राक्षें व डाळिंबें यांच्या झाडांचे नुसते खुंट उरलेले, आणि साऱ्या फेरफटक्यांत एकही मनुष्य दृष्टीस पडला नाहीं, असें तो लिहितो. शहर पाडल्यानंतर थोड्याच अवधींत तेथें जाऊन आलेल्या परक्याची ही साक्ष आहे. ती साक्ष देणारा विजेत्याचें अभिनंदन करण्यास निघालेला होता, म्हणून तिचें मोल दुप्पट.

संग्राहकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. या प्रवासाचा वृत्तांत दोन रूपांत मिळतो. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधमालेच्या तिसऱ्या खंडांत, जो १८२३ त लंडनास छापला गेला, त्याचा एक लेख आला आहे. व १८६६ ची रोजनिशी ही त्याहून विस्तृत. एक विद्वत्सभेसाठीं लिहिलेला, दुसरी सरकारी कागदांतून काढलेली. दोन्ही जवळ ठेवून ताडून पाहिलें पाहिजे. अलीकडे निघालेलीं पुनर्मुद्रणें वाचनास सोयीचीं आहेत, परंतु मूळ प्रत ती मूळ प्रत.

आतां तिसरें साधन. हुसेन इब्न गन्नाम हा अल-हसा प्रांतांतला मालिकी पंथाचा वैयाकरण. तो दिरियास येऊन राहिला, तेथें अध्यापन केलें व १८११ च्या सुमारास वारला. त्याचा 'रौजतुल अफकार' हा ग्रंथ हिजरी १३३७, म्हणजे १९१९ च्या सुमारास, मुंबईंत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत शेखाचें चरित्र, मत, पत्रें व प्रश्नोत्तरें. दुसऱ्यांत हिजरी १२१२ पर्यंतच्या, म्हणजे १७९७ पर्यंतच्या, मोहिमांची वर्षवार हकीकत. आमचें अरबीचें ज्ञान जुजबी. यवतमाळांतील एका मौलवी स्नेह्यांच्या साहाय्यानें आम्हीं त्यांतील निवडक भाग वाचला. भाषा सयमक गद्याची, म्हणजे अरबी साहित्यांत जिला 'सजा' म्हणतात तिची. शत्रूचा उल्लेख आला कीं निंदेचा पूर, अमिराचा आला कीं स्तुतीचा. हें पाहून कांहीं युरोपीय अभ्यासक कंटाळले असल्यास नवल नाहीं.

आम्हांस मात्र कंटाळण्याचें कारण दिसत नाहीं. बाणभट्टाचें हर्षचरित ज्यानें वाचलें त्यास ही वाट ओळखीची आहे. बाणही बाहेरून राजाश्रयास आलेला, तोही अलंकारांत गुंतलेला. तरी हर्षाच्या काळाविषयीं जें त्याच्यापासून मिळतें तें दुसरीकडे मिळत नाहीं. मीमांसकांनीं विधि व अर्थवाद असे जे भेद केले आहेत, ते अशा ग्रंथांस लावून पाहावेत. स्तुति व निंदा हा अर्थवाद. तो वगळावा असें नाहीं, पण त्याचें तात्पर्य कशांत आहे तें पाहावें. मोहिमेचें वर्ष, गांवाचें नांव, मेलेल्यांचीं नांवें, तह कोणत्या अटीवर झाला, हा गाभा. आणि शेखाचीं पत्रें तर खास मोलाचीं. कारण त्यांत त्याचे विरोधक नज्दमधलेच पंडित होते, व तें भांडण प्रथम विद्वानांत पेटलें होतें, हें स्पष्ट दिसतें.

या ग्रंथाची एक अर्वाचीन आवृत्ति नासिरुद्दीन अल-असद यांनीं १९६१ त काढली. तींत सयमक गद्य काढून सोपी भाषा घातली आहे. सामान्य वाचकाची सोय झाली खरी. परंतु संशोधकानें तीवर विसंबूं नये. जुन्या बखरींच्या 'सुबोध' आवृत्त्यांनीं आमच्याकडे काय अनर्थ केले तें येथील वाचकांस सांगावयास नको. संपादकानें जें अलंकार म्हणून टाकलें त्यांत एखादा पारिभाषिक शब्दही गेलेला असतो. म्हणून मुंबईची जुनी प्रत मिळाल्यास ती जपून ठेवावी.

इब्न गन्नामाची हकीकत १७९७ पाशीं थांबते. पुढील कथेसाठीं उस्मान इब्न बिश्र या नज्दच्या दुसऱ्या बखरकाराकडे जावें लागतें. त्याच्या ग्रंथाचें नांव 'उनवानुल मज्द'. तो १८७३ त वारला. इब्न गन्नाम चढत्या सत्तेचा बखरकार, तर इब्न बिश्रानें राज्य बुडून पुन्हां उभें राहिलेलें पाहून लिहिलें. सऊदच्या अमदानींतील दिरियाची बाजारपेठ व सूर्योदयानंतर भरणारी धर्मपाठाची सभा यांचें त्यानें केलेलें वर्णन वाचावें आणि लगेच सॅडलियरचें वर्णन वाचावें. नगर कसें होतें व त्याचें काय झालें हें दोहोंच्या मेळानेंच कळतें. यांखेरीज १८१७ त पुरी झालेली 'लमउश्शिहाब' नांवाची एक निनांवी अरबी बखर लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या हस्तलिखितांत होती. ती १९६७ त बैरूत येथें छापली गेली. दरबारी नव्हे अशा लेखकाची म्हणून तिचें महत्त्व आहे.

साधनें सांगून झालीं. आतां त्यांची कसोटी दोन प्रसंगांवर घेऊं. पहिला प्रसंग कराराचा. शेखानें उयैनाच्या अमिराच्या आश्रयानें कबरीवरील घुमट पाडणें, पूज्य मानलेलीं झाडें तोडणें असे उद्योग आरंभिले होते. अल-हसाच्या बनी खालिद सरदाराच्या दडपणामुळें त्याला तेथून निघावें लागलें व तो हिजरी ११५७ च्या सुमारास दिरियास आला. इब्न बिश्र सांगतो कीं, अमिराच्या पत्नीनें व भावांनीं त्याचें मन वळविलें; अमिरानें दोन अटी घातल्या : यश आल्यावर शेखानें आपल्याला सोडून जाऊं नये, आणि पिकांवर आपण जो कर घेतों त्याला आड येऊं नये. पहिली अट शेखानें मान्य केली. दुसरीविषयीं, ईश्वर याहून मोठी प्राप्ति देईल, असें म्हणून ती टाळली. प्रसंग सुरेख आहे. परंतु तो लिहिणारा शंभर वर्षांनंतरचा, हें विसरतां कामा नये. समर्थ व शिवराय यांची पहिली भेट शके १५७१ त झाली कीं शके १५९४ त, यावर आमच्या विद्वानांत केवढा वाद माजला! संत व राजा यांच्या भेटीचा संवाद उत्तरकालीन लेखणींत नेहमींच भरदार होतो. म्हणून संवाद बाजूस ठेवावा.

पण करार नाकारूं नये. कारण त्याचे परिणाम दिसतात. जिंकलेल्या गांवीं दिरियाहून काजी व शिक्षक पाठविले जात. मनमानी पट्ट्यांऐवजीं जकात हा शास्त्रोक्त कर बसविला गेला. लुटींतील पांचवा हिस्सा खजिन्यांत जाई व बाकीचा लढणाऱ्यांत वांटला जाई. दुसऱ्या अटीचें काय झालें याचें उत्तर या व्यवस्थेंत आहे : अमिराचा गांवठी कर गौण ठरला व त्याच्या जागीं विस्तीर्ण मुलखाचा महसूल आला. आणि सऊद व शेख या दोन घराण्यांनीं राज्य व धर्म अशी वांटणी पिढ्यानुपिढ्या चालविली, हें तर १८१८ नंतरही दिसतें. इब्राहीम पाशानें अमीर अब्दुल्ला यास धरून पाठविलें व त्याचा कॉन्स्टंटिनोपल येथें शिरच्छेद झाला. तसेंच शेखाचा नातू सुलेमान यासही पाशानें मारविलें. शत्रूलाही ही सत्ता दोन खांबांवर उभी आहे हें ठाऊक होतें.

दुसरा प्रसंग करबलाचा. येथें इमाम हुसेन यांच्या कबरीवरील घुमट पाडून दिरियाच्या फौजेनें शहर लुटलें व कत्तल केली. हा आरोप केवळ शत्रूंचा असता तर त्यांत अतिशयोक्ति किती हें विचारावें लागतें. परंतु इब्न बिश्र स्वतः सांगतो कीं, बाजारांत व घरांत लोक मारले, घुमट पाडला, अपार लूट घेतली व दुपारच्या सुमारास फौज बाहेर पडली. मृतांची संख्या तो दोन हजारांच्या जवळ देतो. इतर वृत्तांतांत ती पांच हजारांपर्यंत जाते. जें कृत्य प्रतिपक्ष दोष म्हणून सांगतो तेंच स्वपक्ष भूषण म्हणून सांगतो, तेव्हां तें घडलें याविषयीं शंका उरत नाहीं. वाद उरतो तो संख्येचा. ज्यांना आज या अमिरातीचा केवळ गौरवच लिहावयाचा आहे त्यांनीं ही साक्ष तिच्याच बखरींत आहे हें ध्यानीं घ्यावें.

याच प्रसंगाच्या सालाचा घोळही बोधप्रद आहे. कांहीं ग्रंथ १८०१ देतात, कांहीं १८०२. बखरीचें वर्ष हिजरी १२१६. हें वर्ष १४ मे १८०१ रोजीं सुरू झालें. परंतु घटना त्याच्या शेवटच्या, म्हणजे जिल्हेज महिन्याच्या, १८ तारखेची मानली जाते, व ती तारीख २१ एप्रिल १८०२ येते. ज्यांनीं महिना न पाहतां वर्षाला वर्ष लावलें ते एका सालानें चुकले. शुहूर व फसली सनांच्या कागदांत ही चूक आमच्याकडेही होते. मोडकांची जंत्री उघडण्याचा आळस हेंच तिचें कारण.

आतां 'वहाबी' या शब्दाच्या हिंदुस्थानांतील वापराविषयीं दोन शब्द. दिरियाचा पाडाव झाल्यावर सय्यद अहमद बरेलवी यांच्या ज्या चळवळीनें जोर धरला, तिच्या अनुयायांस इंग्रज अंमलदारांनीं हेंच नांव लाविलें. सय्यद अहमद १८३१ त बालाकोट येथें पडले. १८३९ त निजामाचा भाऊ मुबारिजुद्दौला याच्यावर वहाबी कटाचा आरोप येऊन त्यास गोवळकोंड्यांत कैदेंत ठेवण्यांत आलें. त्या काळीं आमचा वऱ्हाड निजामाच्याच राज्यांत होता. तो इंग्रजांकडे आला १८५३ त. तेव्हां त्या काळच्या कागदांत हा शब्द आढळल्यास त्याचा संबंध एकदम नज्दशीं जोडूं नये. तसेंच 'अरब' या शब्दाचें. नागपूरकर भोसल्यांच्या व निजामाच्या पदरीं असलेले अरब बहुतांशीं हद्रमौत व येमेनकडील होते. १८१७ च्या डिसेंबरांत नागपूर शहर लढविणारे, किंवा शरणागतीनंतर बाजीरावाच्या छावणींत थकलेल्या पगारासाठीं दंगा करणारे अरब हे दिरियाचे अनुयायी नव्हेत. संग्राहकांनीं रुमालांवर चिठ्ठ्या लिहितांना हा विवेक ठेवावा.

खरा संबंध आहे तो निराळा, आणि तो फारसा कोणी दाखविलेला नाहीं. १८०९ त मुंबईहून आखातांतील रास-अल-खैमा या कासिमी बंदरावर स्वारी गेली. कासिमी हे दिरियाचे मित्र. तींतील पायदळाचा सेनापति लायोनेल स्मिथ. हाच स्मिथ पुढें २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीच्या लढाईंत बापू गोखल्यांसमोर उभा होता, आणि हाच १८२१ त ओमानांतील बनी बू अली या नज्दच्या मताच्या टोळीवर चालून गेला. तिच्या कैद्यांना मुंबईस आणून ठेवलें होतें. १८१९ त रास-अल-खैमा घेणारा सर विल्यम ग्रँट कीर हाही आदल्या वर्षींच्या पेंढारी-मराठे युद्धांतून गेलेला. १८१८ च्या एप्रिलांत दिरियाचा वेढा सुरू झाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस आमच्या जिल्ह्यांत पांढरकवड्याकडे कर्नल ॲडम्सनें बाजीरावाच्या फौजेची दाणादाण केली. या दोन घटनांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध नाहीं. परंतु दोहोंच्या वार्ता मुंबईच्या एकाच कचेरींत एकाच वर्षीं नोंदल्या गेल्या, आणि दोन्ही पराभूत राज्यांचे पहिले इंग्रजी इतिहास त्याच दप्तरावर पोसले. ग्रँट डफच्या ग्रंथाचे दोष दाखवितांना आम्हीं जी कसोटी लाविली, ती वॉर्डनच्या लेखाला लावण्याचें कर्तव्य म्हणूनच आमच्याकडे येतें. आपला इतिहास शत्रूच्या कागदांवरून लिहिला गेला हें ज्यांना खुपलें, त्यांनीं दुसऱ्याचा इतिहास वाचतांना तेंच करावें हें न्यायाचें नव्हे.

शेवटीं मूळ प्रश्न. १७९५ हें वर्ष परक्यांच्या ओळखीचें. तें आरंभ म्हणून त्याज्य. राहिलीं १७२७ व १७४४. १७२७ चा पक्ष अगदींच निराधार नाहीं : करार करणारा अमीर आधीं कोठें तरी अमीर असावा लागतो, व दिरियाची गादी शेखाच्या येण्यापूर्वींची आहे. परंतु १७२७ त दिरिया हें नज्दमधील अनेक गांवांपैकीं एक गांव होतें. रियाधचा, उयैनाचा असे शेजारचे अमीरही होतेच. त्यांतील कोणाचें राज्य झालें नाहीं, दिरियाचें झालें. कां झालें याचें कारण १७४४ च्या सुमारास घडलेल्या गोष्टींत आहे. घराण्याचा आरंभ विचारला तर १७२७ हें वर्ष चालेल. राज्याचा विचारला तर बखरीचेंच वर्ष मान्य केलें पाहिजे. आजच्या राज्यकर्त्यांस शेखाचें नांव स्थापनेपासून दूर करावेंसें वाटत असेल, तो त्यांचा राजकारणाचा प्रश्न. साधनांना तो निर्णय मान्य नाहीं. आणि राज्य बुडण्याचें कारणही तेथेंच आहे. १८०३ त व पुन्हां १८०६ त मक्का घेतल्यावर सुलतानाचें नांव खुतब्यांतून गेलें, सीरिया व इजिप्त येथून येणारे यात्रेचे काफिले अडले, आणि सुलतानानें इजिप्तच्या महंमद अलीस पाठविलें. ज्या मतानें गांवाचें राज्य केलें त्याच मतानें त्याला त्याच्या ताकदीबाहेरच्या शत्रूसमोर नेऊन उभें केलें. करार वगळला तर चढ व उतार दोन्ही अगम्य राहतात.

दिरियाच्या तुरैफ भागाचे अवशेष २०१० त जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले आहेत. भिंती दुरुस्त होतील, बागाही लागतील. परंतु सॅडलियरनें पाहिलेले खुंट कोणाच्या हुकुमानें तोडले गेले, आणि करबलाची लूट कोणाच्या हुकुमानें झाली, हें दोन्ही एकाच इतिहासांत लिहिलें पाहिजे. आणि तें लिहिण्यास लागणारीं पुस्तकें मुंबईच्या छापखान्यांतून निघालेलीं आहेत. आमच्या संग्राहकांनीं तीं दिसतील तेथें जतन करावीं, एवढी विनंती करून हें परीक्षण पुरें करितों. इत्यलम्.